लाल दोऱ्याची बाटली

ज्योत लाल झाली. फिकट नव्हे, नारिंगी नव्हे, चांगली कुंकवासारखी लाल. मी तार बाहेर काढली, ॲसिडमध्ये बुडवली, जाळून साफ केली, पुडीतलं चिमूटभर पांढरं सॉल्ट पुन्हा तिला लावलं आणि पुन्हा बर्नरमध्ये धरली. पुन्हा लाल.

स्ट्रॉन्शियम. मी पेपरावर लिहून टाकलं.

शेजारच्या टेबलावर इंद्रजित होता. त्यालाही माझ्यासारखंच चार नंबरचं सॉल्ट आलं होतं आणि त्याच्याही बर्नरवर तीच लाल ज्योत होती. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. एका हातात तार, दुसऱ्या हातात पेन, आणि नजर पेपरावर. मी मान जराशी वाकडी करून बघितलं. 'ज्योतीचा रंग : हिरवा' असं लिहून तो त्याखाली पट्टीनं रेघ मारत होता.

"अरे, लाल आलीय तुझी," मी हळूच म्हणाले.

"गप गं. सरांनी सांगितलंय, बेरियम क्लोराईड. बेरियमची हिरवी असते."

"असते. पण आलीय का?"

"तुला काय करायचंय?" असं म्हणून त्यानं तार बर्नरमधून काढली आणि बेसिनमध्ये टाकून दिली.

ही बारावीच्या बोर्डाची प्रॅक्टिकलची परीक्षा. साल शहाऐंशी, फेब्रुवारी महिना. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एकमेव कॉलेजची केमिस्ट्रीची लॅब. अठरा मुलं, सहा सॉल्ट, म्हणजे तिघातिघांना एकेक सॉल्ट. पुडीत काय आहे ते कुणाला माहीत नसतं, ते आपण एकेक टेस्ट करत ओळखायचं, अशी त्या परीक्षेची रीत. ती पुस्तकातली रीत. आमच्या जगदाळे सरांची रीत वेगळी होती. वर्षभर ते कधी बर्नरच्या जवळ फिरकायचे नाहीत, पण परीक्षेच्या दिवशी त्यांना एकाएकी बर्नरची काळजी वाटायला लागायची. टेबलाटेबलाशी वाकून ते ज्योत कमी-जास्त करायचे आणि जाता जाता कानात सॉल्टचं नाव सोडायचे. सगळ्यांच्या नव्हे. त्यांच्या ट्यूशनला जाणाऱ्यांच्या. इंद्रजित तर संस्थेच्या सेक्रेटरींचा पुतण्या, त्याची ज्योत त्यांनी दोनदा नीट केली.

माझा बर्नर नीट करायला कुणी आलं नाही. मला त्याची गरजही नव्हती. मी दत्तूमामांची मुलगी होते.

दत्तूमामा हे त्या लॅबचे शिपाई. मुलं मामा म्हणायची, मी आप्पा म्हणायचे. सातवी शिकलेले. डाव्या हाताची बोटं सिल्व्हर नायट्रेटनं कायमची काळी पडलेली, शर्टावर ॲसिडची भोकं. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून रविवारी त्यांच्याबरोबर लॅबमध्ये जायचे आणि टेस्ट ट्यूब धुवायचे. बाकीच्या मुली भातुकली खेळायच्या तेव्हा मी मोरचुदाचे खडे बर्नरवर तापवले की पांढरे पडतात आणि पाण्याचा थेंब टाकला की परत निळे होतात, ते बघत बसायचे. रंगीत सॉल्ट कुणीही ओळखतं, आप्पा म्हणायचे, खरी अक्कल लागते ती पांढऱ्याला. शिसं हाताला जड लागतं. अमोनियमचं असलं तर चुन्याबरोबर चोळ आणि वास घे. आणि कशानंच कळलं नाही तर तार.

"मानूस खोटं बोलंल," ते म्हणायचे, "पुस्तकात छापताना चूक हुईल. तार खोटं बोलत न्हाई. फक्त तार आधी साफ पायजे."

साफ म्हणजे कशी? ॲसिडमध्ये बुडवायची, जाळायची, परत बुडवायची, परत जाळायची, ज्योतीत कसलाही रंग दिसेनासा होईपर्यंत. मुलं एकदा बुडवून मोकळी व्हायची. आप्पा मला तीनदा करायला लावायचे. कमीत कमी तीनदा.

तर या लॅबमध्ये बाटल्यांची एक गंमत होती, आणि त्या गमतीनंच पुढचं सगळं घडवलं. बाटल्यांवरची लेबलं वर्षानुवर्षं ॲसिडच्या वाफेनं सडलेली. काही गळून पडली होती, काही चिकटलेली होती पण आतला माल बदललेला. नव्या बाटल्या येत नसत. एखादी फुटली की आप्पा तिच्यातलं सॉल्ट हाताला येईल त्या रिकाम्या बाटलीत भरायचे. नव्या लेबलांसाठी त्यांनी जगदाळे सरांना किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. शेवटी त्यांनी आपली सोय आपण केली. आईच्या शिवणाच्या डब्यातले दोरे आणले आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्याशी एकेक बांधून टाकला. ज्या सॉल्टची ज्योत लाल, त्याला लाल दोरा. हिरवीला हिरवा. कॅल्शियमला विटकरी, सोडियमला पिवळा. ज्यांना ज्योत नाही त्यांना दोऱ्याच्या गाठी, एक, दोन, तीन. लेबल काहीही असू दे, आप्पा दोरा बघायचे. पंधरा वर्षांत त्यांची एकदाही चूक झाली नव्हती.

मुलगी परीक्षेला बसणार म्हणून आप्पांना दोन दिवस लॅबमध्ये पाऊल टाकायची बंदी होती. नियमच तसा होता आणि तो बरोबरच होता. पुड्या जगदाळे सरांनी स्वतः भरल्या. आदल्या संध्याकाळी किल्ल्या देताना आप्पा त्यांना म्हणाले होते, "सर, लेबलावर जाऊ नका. दोरा बघा. न्हाईतर मी दाराबाहीर उभा ऱ्हाऊन सांगतो."

सर हसले होते. "दत्तू, तुझ्या दोऱ्यांवर केमिस्ट्री चालायला लागली तर आम्ही एमएस्सी कशाला केली?"

हे आप्पांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा तेही हसले होते. माझ्या मात्र लक्षात होतं की वरच्या फळीवर बेरियम क्लोराईडच्या लेबलाची एक बाटली आहे आणि तिच्या गळ्याला लाल दोरा आहे. स्ट्रॉन्शियमची बाटली दिवाळीच्या आधी फुटली, तेव्हा मीच झाडू घेऊन काचा गोळा केल्या होत्या.

पण मी पेपर लिहिला तो बाटली आठवून नव्हे. ते मी शपथेवर सांगेन. आधी क्लोराईड काढलं. सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर नासलेल्या दुधासारखा साका बसला. मग पाचवा ग्रुप आला, म्हणजे बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम यांतलं एक. पोटॅशियम क्रोमेट टाकलं. बेरियम असतं तर पिवळा साका बसायला हवा होता, तो बसला नाही. अमोनियम सल्फेट टाकलं, पांढरा साका बसला, म्हणजे स्ट्रॉन्शियम. आणि मग तार. तीनदा साफ केलेली. बाटली आठवली ती सगळं लिहून झाल्यावर, आणि तेव्हा मला हसूच आलं. सरांनी लेबल वाचलं होतं.

हसू आलं, कारण तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि खरं लिहिलं की पुरे, असं मला वाटत होतं.

परीक्षक बाहेरून आले होते, सावंत म्हणून. दुपारी एकला ते जगदाळे सरांच्या घरी जेवायला गेले. परीक्षकांचं मटणाचं जेवण ही आमच्या कॉलेजची जुनी परंपरा. तोंडी परीक्षा जेवणानंतर, तीनला. फक्त इंद्रजितची तोंडी त्यांनी जेवणाआधी उरकून घेतली होती, कारण त्याला कुठंतरी जायचं होतं. त्याचा पेपरही तिथल्या तिथं तपासून, मार्क घालून, खाली सही करून झाला होता. तीसपैकी अठ्ठावीस. तो मोटरसायकल उडवत निघून गेला. बाकीचे आम्ही व्हरांड्यात बसून डबे खात होतो.

जगदाळे सर अर्ध्या तासात एकटेच परत आले. पेपर लावायला आले असणार. पाच मिनिटांनी ते लॅबच्या दारात आले आणि म्हणाले, "गुरव, आत ये जरा."

मी हात न धुताच आत गेले. त्यांनी दार लोटून घेतलं. टेबलावर चार नंबरचे तीन पेपर शेजारी शेजारी ठेवले होते. दोन हिरवे आणि एक लाल.

"हे काय लिहिलंस?"

"स्ट्रॉन्शियम क्लोराईड, सर."

"चार नंबरला बेरियम क्लोराईड आहे. सीलबंद यादीत तसं लिहिलंय, ती यादी सावंत सरांकडे आहे. दोन मुलांना बेरियम मिळालं आणि तुला एकटीला स्ट्रॉन्शियम?"

"त्यांचीही लालच आली होती सर. मी बघितली इंद्रजितची."

जगदाळे सर माणूस वाईट नव्हते. मी आजही म्हणते, वाईट नव्हते. अडकलेला माणूस जसा बोलतो तसे बोलत होते. ते उठून वरच्या फळीशी गेले, ती बाटली काढली, लेबल वाचलं, मग त्यांची नजर दोऱ्यावर गेली. बराच वेळ ते दोऱ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं.

"बस," ते म्हणाले. मी बसले. "नीट ऐक. इंद्रजितचा पेपर तपासून झालाय. सही झालीय. आता मी सावंत सरांना सांगितलं की पुडी भरताना चूक झाली, तर ते विचारणार, मग या दोघांना हिरवी ज्योत कुठून दिसली? कळतंय तुला? लाल ज्योतीला हिरवी लिहिलीय म्हणजे आधी कुणीतरी सांगितलंय. बोर्डाला कळवावं लागेल. सेंटर जाईल कॉलेजचं."

मी माझ्या पेपराकडे बघितलं.

"तुझा पेपर अजून तपासलेला नाही. मी दुसरा कागद देतो. बेरियम लिही, पाच मिनिटांत होईल. तुला अठ्ठावीसच्या खाली मार्क पडणार नाहीत, माझा शब्द."

"पण सर, आलीय लाल."

"आणि समजा हे प्रकरण वर गेलं, तर लोक काय म्हणतील ते सांगू? या बाटलीत खरं काय आहे ते अख्ख्या कॉलेजात एकाच माणसाला माहीत होतं. दत्तूला. आणि बरोबर उत्तर एकाच मुलीनं लिहिलंय. दत्तूच्या. मग तुला कुणी सांगितलं?"

"तारेनं सांगितलं, सर."

हे मी उद्धटपणानं म्हणाले नव्हते. पण त्यांचा चेहरा बदलला.

"येत्या पंधरवड्यात संस्थेची मीटिंग आहे," ते म्हणाले. "दत्तूला कायम करायचा ठराव आहे. पंधरा वर्षं टेंपररी आहे तो. ठराव कुणाच्या सहीनं होतो, माहीत आहे ना? इंद्रजितच्या काकांच्या."

माहीत होतं. आमच्या घरात गेले सहा महिने दुसरा विषय नव्हता. कायम झालं की पगार नीट, दवाखाना, म्हातारपणी पेन्शन. कायम झालं की माझं बीएस्सी. आप्पांच्या मनात होतं की मी केमिस्ट्री घेऊन शिकावं आणि याच लॅबमध्ये मास्तरीण होऊन यावं, आणि मग त्यांनी माझ्यासाठी बर्नर पेटवून द्यावा. आई त्यांना हसायची. ती म्हणायची, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पण तीही हसता हसता डोळे पुसायची.

मला तिथंच लिहिता आलं असतं. नाही म्हणून उठून जाताही आलं असतं. दोन्ही मला जमलं नाही. मी म्हणाले, "आप्पांना बोलवा सर. आप्पांना ज्योत दाखवा. ते म्हणतील तसं मी लिहीन."

सरांनी दार उघडून ऑफिसच्या शिपायाला हाक मारली आणि दत्तूला घरून बोलावून आणायला सांगितलं.

तेवढ्या वेळात मी काय विचार करत होते ते मला लख्ख आठवतं. मी खूश होते. मला वाटत होतं, आता या माणसाची जिरणार. आप्पा येतील, तार साफ करतील, ज्योत धरतील आणि म्हणतील, सर, लाल. आप्पांपुढं कुणाचं काही चालणार नाही, कारण आप्पांना खोटं बोलताच येत नाही.

आमचं घर कॉलेजच्या मागंच होतं. आप्पा दहा मिनिटांत आले. आंघोळ करून बसले असावेत, केस ओले होते. चपला दाराबाहेर काढल्या. लॅबमध्ये सगळे चपला-बूट घालूनच जायचे, फक्त आप्पा देवळात जावं तसे अनवाणी जायचे. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"काय झालं सर? पोरीनं काय फोडलं का?"

"फोडलं नाही काही. चार नंबरचं सॉल्ट. यादीत बेरियम आहे. तुझी मुलगी म्हणते स्ट्रॉन्शियम. तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"कुठल्या बाटलीतनं घेतलं?"

सरांनी बोट केलं. आप्पांनी बाटली बघितली. त्यांना पुढं काही बघायची गरजच नव्हती.

"सर, मी काल म्हणलो व्हतो..."

"काल काय म्हणालास ते राहू दे." सर आवाज न चढवता बोलत होते. "इंद्रजितनं बेरियम लिहिलंय, हिरवी ज्योत लिहिलीय. त्याला मार्क पडलेत, परीक्षकांची सही झालीय. आता इथून पुढं चार नंबर म्हणजे बेरियम. तसं नसलं तर काय काय होईल ते मी हिला सांगितलंय, तुला वेगळं सांगायला नको. सेक्रेटरी साहेबांनी तुझी फाईल मीटिंगसाठी काढून ठेवलीय. आता तू ज्योत बघ आणि सांग."

आप्पांनी हात धुतले, धोतराला पुसले. बर्नर पेटवला. कपाटातून स्वतःची तार काढली, प्लॅटिनमची, जी ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ॲसिडमध्ये बुडवली, जाळली. बुडवली, जाळली. तिसऱ्यांदा बुडवली.

मग त्यांनी माझ्या पुडीतलं सॉल्ट तारेला लावलं आणि ज्योतीत धरलं.

लाल. मी काढली होती त्याच्या दुप्पट लाल. भर दुपारी, उघड्या खिडकीच्या उजेडात, आमच्या तिघांच्या तोंडावर तिचा रंग पडला. आप्पांनी तार पटकन काढली नाही. सॉल्ट जळून संपेपर्यंत ते धरून राहिले.

"काय दिसतं, दत्तू?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हिरवी, सर."

"नीट सांग. हिला ऐकू दे."

"हिरवी हाय," आप्पा म्हणाले. "बेरियम हाय. पोरीची काहीतरी गडबड झाली आसंल. तार साफ केली नसंल तिनं."

मला ते शेवटचं वाक्य लागलं. हिरवी म्हणाले ते एक वेळ मी गिळलं असतं. पण तार साफ केली नसंल, असं ते माझ्याबद्दल, माझ्यासमोर म्हणाले.

सरांनी नवा कागद पुढं सरकवला. मी लिहिलं. क्रोमेट टाकल्यावर पिवळा साका बसला, असं लिहिलं. ज्योतीचा रंग लिहिला, पुस्तकात असतो तसाच, सफरचंदी हिरवा. आमच्या बाजारात हिरवं सफरचंद कधी आलेलंच नव्हतं, पण पुस्तकात तसं होतं म्हणून तसं. जुना कागद सरांनी चौघडी करून खिशात घातला. मी मान वर केली तेव्हा आप्पा गेले होते. तार धुऊन, पुसून जागेवर ठेवली होती.

तीनला सावंत सर आले. पान खाल्लेलं, डोळे जड झालेले. माझा नंबर चौथा होता.

"बेरियम काढलंस? छान. ज्योत कुठल्या रंगाची?"

"हिरवी."

"स्वतः बघितलीस ना? की शेजाऱ्याची?"

जगदाळे सर शेजारी उभे होते. "स्वतः बघितली, सर," मी म्हणाले.

"शाबास. मुली हुशार आहेत तुमच्या, जगदाळे."

मला एकोणतीस मार्क पडले. इंद्रजितपेक्षा एक जास्त.

त्या दिवशी घरी आप्पा माझ्याशी बोलले नाहीत आणि मी त्यांच्याशी बोलले नाही. आईला वाटलं पेपर अवघड गेला. दुसऱ्या दिवशी आप्पा कामावर गेले ते संध्याकाळी उशिरा आले, आणि त्यांचा शर्ट धुवायला टाकताना आईला खिशात दोऱ्यांचा हा एवढा गुंता सापडला. लाल, हिरवा, पिवळा, विटकरी. एकूण एक बाटल्यांचे दोरे त्यांनी काढले होते. आईनं विचारलं तर म्हणाले, "नवी लेबलं आल्यात." खरंच आली होती. जगदाळे सरांनी एका दिवसात मागवली होती. पंधरा वर्षांत जे झालं नाही ते एका दिवसात झालं.

मार्चमध्ये ठराव झाला. आप्पा कायम झाले. त्यांनी पेढे आणले, देवापुढं ठेवले, गल्लीत वाटले. मलाही दिला. मी खाल्ला.

मी बीएस्सी केलं नाही. मार्क होते, फी भरायची ऐपत आता झाली होती, तरी केलं नाही. मी बीए केलं आणि पुढं पोस्टात लागले. आप्पांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. ते आणखी सतरा वर्षं त्या लॅबमध्ये होते. निवृत्त झाले तेव्हा सत्कारात जगदाळे सर भाषणात म्हणाले की दत्तूसारखा प्रामाणिक माणूस संस्थेला पुन्हा मिळणार नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. चारचौघांत बसल्यावर वाजवाव्या लागतात.

इतकी वर्षं मी आप्पांना मनातल्या मनात एकच शिक्षा देत आले. त्यांचं सगळं केलं, औषधपाणी केलं, आई गेल्यावर माझ्याकडे आणून ठेवलं, पण त्यांनी काही सांगितलं की मी म्हणायचे, "खरंच का?" एवढंच. बाजारात भाजी ताजी आहे म्हणाले, खरंच का? डॉक्टरांनी असं सांगितलं म्हणाले, खरंच का? माझ्या मुलांना ती माझी सवय वाटायची. आप्पांना माहीत होतं ती सवय नाही ते.

गेल्या वर्षी माझी नात शाळेतून आली आणि आम्हाला सांगायला लागली की बाईंनी वर्गात मीठ जाळून पिवळी ज्योत दाखवली. आप्पा कॉटवर पडले होते. ऐंशी ओलांडलेले, दिसायचं कमी झालेलं. नातीनं विचारलं, "पणजोबा, लाल कशाची येते?"

"ट्राँशमची," आप्पा झटकन म्हणाले. "कुंकवागत लाल."

नात खेळायला पळाली. मी भाजी निवडत होते. आणि इतक्या वर्षांनी, का कोण जाणे, मी विचारून बसले.

"आप्पा, त्या दिवशी कुठली आली होती?"

कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही.

"लाल," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? कायम व्हायचं व्हतं मला."

मी जुडीतली मेथी मोडत राहिले. खरं सांगते, मला त्या क्षणी एक वेगळंच उत्तर हवं होतं. त्यांनी म्हणावं की तुझ्यासाठी केलं, तुझं शिक्षण होतं, तुझ्यावर कॉपीचा ठपका आला असता. मी ते उत्तर स्वतःच त्यांच्या तोंडात घालायला गेले. "माझ्यासाठी केलंत ना? माझ्यावर बालंट आलं असतं म्हणून?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "तुझं मनात आलं न्हाई तवा. फाईल आली मनात. एक डाव खोटं बोललो तुझ्याम्होरं, आता परत कशाला बोलू?"

पंखा फिरत होता. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं झोपले. थोड्या वेळानं ते तसेच, कूस न बदलता म्हणाले,

"शालन, एक विचारू?"

"विचारा."

"तुला लाल दिसली व्हती. तू कागदावर लिवलंही व्हतंस. तार तू तीनदा साफ केली व्हतीस, मला म्हाईत हाय, तू दोनदा करून कधी थांबली न्हाईस. मग मला कशापायी बोलावलंस?"

मी मेथीची शेवटची काडी उचलली.

"तुझ्या एकलीवर राखलं आस्तंस, सरांना हो म्हण न्हाईतर न्हाई म्हण, कायबी. मी घरात बसलो व्हतो. मला यातलं काय ठावं न्हवतं. हिरवी म्हणायला मला तू बोलावलंस."

मेथीची जुडी संपली होती. मी देठं गोळा केली, परातीत टाकली आणि परात उचलून स्वयंपाकघरात गेले. आतून विचारलं, "आप्पा, चहा टाकू?"

"टाक," ते म्हणाले.